निबंध कुठवर पोहोचला?

आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सर निवृत्त होत आहेत. त्यांच्यावर छोटी गौरवपुस्तिका काढायचं ठरलं आणि तिच्यातलं ‘प्रकाशने आणि शैक्षणिक प्रभाव’ हे पान माझ्या वाट्याला आलं. मी नाशिकमध्ये पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. कागदोपत्री या विषयाला आता कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, पण कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी अजून पीएसएमच आहे. तर मी गूगल स्कॉलर उघडलं, पबमेड उघडलं, सरांचे शोधनिबंध एकाखाली एक लिहिले, प्रत्येकापुढे सायटेशनचा, म्हणजे इतरांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला त्याचा, आकडा टाकला, शेवटी त्यांचा एच-इंडेक्स लिहिला. पान भरलं. पण सरांबरोबर ज्याने एक दिवस जरी फील्डवर काढला आहे, त्याला ते वाचून हे दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय असं वाटलं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या संशोधकाचा प्रभाव म्हणजे नेमकं काय, तो कुठे दिसतो आणि आपण तो कुठे शोधतो, याबद्दल मला काही ठाम म्हणायचं आहे.

आधी हे आकडे काय आहेत ते सांगते, कारण ज्यांची बढती त्यांवर अवलंबून असते त्या डॉक्टरांनाही पुष्कळदा ते नीट माहीत नसतात. एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिला आहे, त्याचा एच-इंडेक्स दहा. इम्पॅक्ट फॅक्टर त्याच्या कितीतरी आधीचा, यूजीन गारफिल्ड यांच्या डोक्यातून निघालेला. तो माणसाचा नसतो, जर्नलचा असतो. आधीच्या दोन वर्षांत त्या जर्नलने छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, एवढंच तो सांगतो. ग्रंथालयाने कोणती जर्नल घ्यावीत हे ठरवायला त्याचा चांगला उपयोग होता. तोच आकडा उमेदवाराच्या बायोडेटात येऊन बसला, तिथून गडबड सुरू झाली.

आता एक हिशेब करून पाहा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचे गडचिरोलीतल्या कामावरचे ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमधले तीन निबंध घ्या. पहिला १९८९ चा. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरून चालणाऱ्या जगाला या निबंधाने हलवलं. दुसरा १९९० चा, गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात हे दाखवणारा. तिसरा १९९९ चा, नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचा. एकीकडे ३९ गावं, तुलनेला ४७ गावं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट. समजा, एखाद्याने आयुष्यात हे तीनच निबंध लिहिले असते, तर त्याचा एच-इंडेक्स किती? तीन. संदर्भ हजारोंनी दिले गेले असते तरी तीनच, कारण निबंधच तीन. ज्याच्या चार साध्या निबंधांना चार-चार सायटेशन मिळाली आहेत तो नवखा लेक्चरर या आकड्यात त्याच्या पुढे जातो.

हे काही कुणाचं कारस्थान नाही. त्या आकड्याची घडणच अशी आहे. तो विद्वानांनी विद्वानांची घेतलेली दखल मोजतो, आणि काही शास्त्रांत तेवढं पुरतही असेल. सार्वजनिक आरोग्यात ते पुरत नाही, कारण आमचा निबंध ज्याच्यासाठी लिहिलेला असतो तो माणूस निबंध लिहीत नाही.

१९९९ च्या त्या निबंधाचंच पुढे बघा. त्यातल्या कल्पनेवर आधारलेला घरभेटींचा कार्यक्रम देशभरातल्या आशांसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, २०११ मध्ये सुरू झाला. मध्ये बारा वर्षं गेली. इम्पॅक्ट फॅक्टरची नजर दोन वर्षांची. आज नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर बाळ दवाखान्यात जन्मून घरी आलं, की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन करते, ताप बघते, घड्याळ लावून श्वास मोजते, बाळ अंगावर नीट पितं का विचारते, फॉर्म भरते. पावसात ओढा चढलेला असतो तेव्हा ही सातव्या दिवसाची भेट काय असते, हे मी तिच्यामागून चालत पाहिलं आहे. ‘लॅन्सेट’ हे नाव तिने ऐकलेलं नाही आणि ऐकायची गरजही नाही. पण तिची प्रत्येक भेट म्हणजे त्या निबंधाला दिलेला संदर्भ आहे. कुठल्याही डेटाबेसमध्ये तो चढत नाही.

वेळेचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक छोटा निबंध छापला. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू गाळून काढलेला नुसता द्राव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्याने भरतं, म्हणजे जंतू एक विष तयार करतात आणि पटकीचे जुलाब त्या विषामुळे होतात, हे त्यांनी दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच तसा तर्क केला होता, पण पाऊणशे वर्षं कुणाला तो सिद्ध करता आला नव्हता. एवढं मोठं काम, पण सुरुवातीला त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. डे हयात असताना देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचा माग काढून त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो कुणी? यूजीन गारफिल्ड यांनी! ज्यांनी सायटेशन मोजायची सगळी यंत्रणा उभी केली, त्यांनीच आकडे समोर ठेवून दाखवलं की पटकीच्या संशोधनाच्या मुळाशी हा माणूस होता. आकडे तेच होते. फरक एवढाच की गारफिल्ड ते नुसते मोजत बसले नाहीत, कोणता निबंध कशातून निघाला हे त्यांनी वाचलं.

पटकीच्याच निमित्ताने आठवतात ते डॉ. दिलीप महालनोबिस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. जिथे तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, तिथे त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्यावरचा निबंध छापून आला तो १९७३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय जर्नलमध्ये. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनोबिस यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपल्याकडे त्याच जलसंजीवनीचं पाकीट प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक आशाच्या पिशवीत असतं. कुंभमेळ्यात रामकुंडाजवळच्या तात्पुरत्या दवाखान्यात टेबलावर जो पहिला खोका उघडला जातो तो त्याच पाकिटांचा.

माझ्या म्हणण्याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. ‘खरं काम करणारे निबंध लिहीत बसत नाहीत’ असं आमच्या क्षेत्रात अभिमानाने बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. बनगावचा अनुभव आकड्यांसह लिहिला गेला नसता तर तो त्या छावणीतच राहिला असता. गडचिरोलीच्या कामाला तुलनेची गावं नसती आणि पाच वर्षांच्या जन्ममृत्यूंच्या काटेकोर नोंदी नसत्या, तर दिल्लीतल्या कुठल्या समितीने ते ऐकलं असतं? पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं, असा वर्षानुवर्षांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू, चरबी तेवढी कमी नसते. हडकुळ्या दिसणाऱ्या मुलाला पुढे मधुमेह का गाठतो, हे या एका निरीक्षणाने जगाला विचार करायला लावलं. हे कुणी लिहिलंच नसतं तर? लिहिणं हा आरोग्याच्या कामाचाच भाग आहे. न लिहिलेला अनुभव त्या डॉक्टरच्या बदलीबरोबर जातो. मी तो तालुक्या-तालुक्यांतून जाताना पाहिला आहे.

पण मग कुठे लिहिलं ते धरायचं, हाही प्रश्न आहेच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्याची माहिती जगापुढे ठळकपणे आली ती १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने छापलेल्या एका पुस्तकातल्या प्रकरणातून, आणि तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली तेव्हा अशाच अनुभवांचा आधार होता. आजच्या बढतीच्या नियमांत पुस्तकातलं प्रकरण धरत नाहीत. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत निघाला. महाराष्ट्रात दरवर्षी किती बालमृत्यू नोंदीतून सुटतात, हे त्यात मांडलं होतं. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात त्याने खळबळ उडाली, पुढे बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी सरकारने समिती नेमली. मराठी अहवालाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो.

जगात याची जाणीव नाही असं नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी जाहीरनामाच तयार केला की माणसाचं मोल ठरवायला जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये. २०१५ चा लायडेन जाहीरनामा त्याहून पुढे गेला. त्याच्या दहा तत्त्वांपैकी एक तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: स्थानिक गरजेच्या उत्तम संशोधनाला संरक्षण द्या, ते इंग्रजीत नाही म्हणून त्याला खाली ढकलू नका. पण कॉलेजच्या इन्स्पेक्शनच्या दिवशी आमच्याकडे हे कुणी विचारत नाही. निबंध किती, जर्नल इंडेक्स्ड, म्हणजे मान्य सूचीतलं, आहे का, नाव पहिल्या काहींत आहे की करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून आहे, एवढंच विचारतात. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा बाजार उभा राहिला. रात्री मेल येतो, ‘डिअर एमिनंट रिसर्चर’. आठवड्यात छापून देतो म्हणतात. तरुण लेक्चरर त्यात पैसे घालतात, कारण बढती अडलेली असते. मला त्यांचा राग येत नाही. ज्यांनी असा नियम केला आणि पुढे त्याचं काय झालं हे पाहिलं नाही, त्यांचा येतो.

नाशिकला हे सगळं जरा जास्त जवळून दिसतं. दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ मध्ये स्थापन झालेलं. राज्यभरातल्या वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिस (अभ्यासाचे आराखडे) आणि थिसिस तिथे येतात. आमच्या विषयाच्या प्रत्येक थिसिसमागे कुठला तरी पाडा, कुठली तरी झोपडपट्टी असते. लोकांनी रोजगार बुडवून दारात उभं राहून उत्तरं दिलेली असतात. थिसिस मंजूर होते, जमल्यास एक निबंध निघतो. ज्या गावात माहिती घेतली त्या गावाला त्यातलं काय कळतं? प्रश्नावलीवर अंगठा घेताना आपण म्हणतो, ‘याचा तुमच्या गावाला उपयोग होईल.’ एथिक्स कमिटीच्या संमतिपत्रातही तसंच वाक्य असतं. मग निष्कर्ष त्या गावाला सांगणं हा अभ्यासाचाच भाग नको का?

आमच्या सरांनी हे केलं, आणि गौरवपुस्तिकेतल्या त्या पानावर नेमकं हेच नव्हतं. त्यांचा नियम होता की थिसिस जमा करण्याआधी विद्यार्थ्याने त्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आशांच्या मासिक बैठकीत उभं राहून, मराठीत, एकही इंग्रजी तक्ता न दाखवता निष्कर्ष सांगायचे. ‘तिथे सांगता आलं नाही तर तुला कळलेलं नाही,’ असं ते म्हणायचे. त्यांचे विद्यार्थी आज तालुका आरोग्य अधिकारी आहेत, जिल्ह्याच्या लसीकरणाचं काम बघतात. त्यांच्या मीटिंगमध्ये अजून ती पद्धत दिसते. मी पानावर ते सगळं लिहिलं. निबंधांची यादी ठेवली, पण प्रत्येकाखाली दोन ओळी घातल्या: माहिती कुणी गोळा केली आणि निष्कर्ष कुणाला सांगितले. एच-इंडेक्स काढून टाकला. संपादन करणाऱ्या सहकाऱ्याला ते खटकलं, ‘लोक विचारतील’ म्हणाला. विचारू देत.

त्या बैठकांमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने पेठ-सुरगाणा भागात लसीकरणाचा सर्व्हे केला. पद्धत पुस्तकातलीच: ३० समूह निवडायचे, प्रत्येकात ठरलेल्या वयाची ७ मुलं शोधायची, घरोघर जायचं, दाराला कुलूप असलं की शेजारच्या घरात जायचं. जगभर वर्षानुवर्षं हीच पद्धत वापरली गेली आहे. तिने आकडे नीट सांगितले. मागच्या सतरंजीवरून एक आशाताई उठल्या.

“ताई, तुम्ही आल्या तेव्हा आमच्या पाड्यावर निम्म्या घरांना कुलूप होतं ना?”

“हो, म्हणून आम्ही शेजारच्या घरात गेलो.”

“अहो पण ज्यांच्या घराला कुलूप, त्यांचीच तर पोरं सुटतात. ते द्राक्षाच्या बागांवर गेलेले असतात, दिंडोरीला, निफाडला. पोरं बरोबर. इथे मी यादीत नाव धरून बसते, तिथली आशा म्हणते ही आमच्या यादीतली नाहीत. घरी राहिलेल्यांना विचारून तुम्हाला टक्का चांगलाच येणार.”

मी किती तरी वर्षं वर्गात नॉन-रिस्पॉन्स बायस शिकवते, म्हणजे जे भेटलेच नाहीत त्यांच्यामुळे निष्कर्षात शिरणारी चूक. इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या नेमकेपणाने तो मी कधी शिकवलेला नाही. आमच्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा त्या बैठकीत निघाला. आमच्या तक्त्यांत तो नव्हता.

आता हा विचार निबंधात आला तर तो कुणाच्या नावावर? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं यासाठी चार अटी ठरवल्या आहेत. अभ्यासाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा गांभीर्याने तपासण्यात सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. पहिली अट आशाताई सहज पुरी करतात. दुसरीवर अडतात, कारण मसुदा इंग्रजीत असतो. मग त्यांना शेवटी आभाराच्या ओळीत टाकतात, तेही बहुधा ‘आशा व एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांचे आभार’ असं घाऊक. त्याच समितीने असंही म्हटलं आहे की ज्याचा पहिल्या अटीत वाटा आहे त्याला मसुदा तपासायची संधी मिळाली पाहिजे, ती न देऊन त्याला लेखकपदातून वगळू नये. नियम आमच्याच बाजूचा आहे. तो आम्ही वापरत नाही.

आमचा पुढचा अभ्यास पाड्यांवर नसून बागांवर आहे. जानेवारी ते मार्च, द्राक्षकाढणीच्या दिवसांत, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत मजूर जिथे राहतात तिथे जाऊन मुलांच्या लसी बघायच्या आणि गावाकडच्या यादीशी ताडून पाहायच्या. प्रश्नावली आधी मराठीत तयार केली. त्याच आशाताईंनी ती वाचून दोन प्रश्न खोडले, कारण मुकादम जवळ उभा असताना त्यांची खरी उत्तरं कुणी देणार नाही. एक प्रश्न नवा घातला: दिवसभर बागेत असता तेव्हा तान्हं मूल कुणाजवळ असतं? सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे गेली आहे. निबंधाचा मसुदाही आधी मराठीत लिहायचा, त्यांना द्यायचा, त्यांच्या दुरुस्त्या घ्यायच्या, शेवटच्या मसुद्यावर त्यांची लेखी मान्यता घ्यायची आणि मग त्याचं इंग्रजी करायचं, असं ठरवलं आहे. लेखकांच्या यादीत त्यांचं नाव असेल. कुठल्या जर्नलने त्याबद्दल विचारलं, तर चारही अटींपुढे काय काय झालं ते तारखांसह लिहून पाठवीन.